बाईंनी तपासल्याशिवाय फाईल जात नाही

भिशीच्या दिवशी मैत्रिणी हमखास म्हणतात, "तुझ्या व्हिसावाल्यांचा एखादा किस्सा होऊ दे!" एखादा कुठला, नको म्हटलं तरी ढीग साचतो. मी सांगते, त्या हसतात, चिवडा संपतो. मग रिक्षाने घरी येताना लक्षात येतं की या सगळ्या किश्शांत गाढव एकच आहे, आणि ते मी आहे.

आधी ओळख करून देते. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर नितीन नावाच्या माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने ऑफिसात बोलावलं. ज्यांना परदेशात नोकरी लागलीय, त्यांचे व्हिसाचे कागद तो तयार करून देतो. ऑफिस आमच्या शहरातल्या कॅनडा कॉर्नर नावाच्या चौकात, आणि फाईली जातात सगळ्या इंग्लंडला!

"बाई, तुम्ही फक्त इंग्रजीवर एक नजर टाका," तो म्हणाला. आता शाळेतल्या बाईंना फक्त नजर टाकता येते का? महिन्याभरात ऑफिसचा नियमच होऊन बसला : बाईंनी तपासल्याशिवाय फाईल जात नाही. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

*

तिकडच्या सरकारने नियम बदलायचं जाहीर केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात चपला काढायला जागा नव्हती. काही कामं यादीतून जाणार, पगाराची अट वाढणार, आणि पुढच्या टप्प्यात इंग्रजीची परीक्षा एक पायरी अवघड होणार. ज्या त्या टप्प्याच्या तारखेच्या आत अर्ज गेला, तर जुना नियम.

मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कुशल कामगार व्हिसा : नवे नियम'. अंबडच्या कारखान्यातला एक इंजिनिअर हळूच जवळ आला. "बाई, ते 'कामगार' तेवढं पुसा ना. सासरे सोबत आलेत. त्यांना मी मॅनेजरचा व्हिसा म्हणून सांगितलंय."

मी पुसलं नाही. उलट वर्गात बोलावं तसं मोठ्यांदा म्हणाले, "अरे, कामगार म्हणवून घ्यायची लाज कसली?"

सासऱ्यांनी ऐकलं. ते अजून होणारे सासरे होते, हे मला मागाहून कळलं! लग्न झालं बरं का शेवटी. पण मला पत्रिका आली नाही.

*

त्याच गर्दीत, अगदी खालच्या पायरीवर वैशाली बसली होती. पिंपळगाव बसवंतची. तिथल्या पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टच्या द्राक्षांची क्वालिटी बघायची. फूड टेक्नॉलॉजीची पदवी, स्वभावाने अबोल. फळं मागवणाऱ्या तिकडच्या एका कंपनीने तिला नोकरी दिली होती. तिचं काम यादीत राहणार होतं, अडचण इंग्रजीची. जुनी, सोपी परीक्षा ती पास होती, तीही दुसऱ्या खेपेला. नव्या परीक्षेचं नाव काढलं की ती जुन्याच निकालाची घडी उलगडून बघायची. म्हणजे फाईल तारखेच्या आत गेली तर नोकरी, नाहीतर सगळं अधांतरी.

"बाई, होईल ना वेळेत?"

"अगं, मी आहे ना!"

हे वाक्य मी किती जोरात म्हणाले होते, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

*

यादीचा पहिला फटका बसला स्वयंपाक्यांना. त्र्यंबक रोडच्या एका हॉटेलात अठरा वर्षं तंदूर सांभाळणारे रमेशभाऊ आमच्याकडे यायचे. येताना माझ्यासाठी रुमालात बांधून गरम कुलचा आणायचे. त्यांचे कागद पूर्ण व्हायच्या आत त्यांचं काम यादीतून गेलं. सांगायचं कोणी? नितीनला ऐन वेळी फोन आला. तो माझं सांगून होईपर्यंत काही संपला नाही.

मी समोर बसून त्यांना सगळं समजावलं. पाच मिनिटं. इंग्रजीत! का, ते मलाही सांगता येणार नाही. खरं म्हणजे येईल. त्यांना कळताना बघायची माझी हिंमत नव्हती.

रमेशभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, आता मराठीत सांगा. इंग्रजीत नीट वाईट वाटत नाही."

मी मराठीत सांगितलं. जाताना त्यांनी कुलच्याचा रुमाल टेबलावर ठेवलाच.

*

नितीन प्रत्येकाला बजावतो, "असतील नसतील तेवढी सर्टिफिकिटं आणा." लासलगावहून एक काका मुलाचे कागद घेऊन आले ते पत्र्याच्या पेटीतच! त्यात मुलाच्या डिग्रीवर एक सहावीतलं प्रशस्तिपत्र निघालं. तालुका वक्तृत्व स्पर्धा, उत्तेजनार्थ.

मी ते उंच धरून अख्ख्या ऑफिसला दाखवलं. "काका, हे बघून राणीचे लोक लगेच व्हिसा देतील हं!" ('राणी कुठली बाई, आता राजा आहे,' असं नितीन पुटपुटला. तेही मला माहीत नव्हतं असं नाही, पण सवय!) सगळे हसले. काकाही हसले.

मग म्हणाले, "राहू द्या, बाई. मला वाटलं कामाचं आसंल. खाली तुमची सही हाय ना."

होती. परीक्षक म्हणून. चांगली पल्लेदार सही. मी तो कागद परत पेटीत ठेवताना त्याचा कोपरा दुमडला, तोही काकांनीच सरळ केला.

*

आमच्याकडे आणखी एक रिवाज आहे. ऑनलाईन पाठवण्याआधी फाईल ऑफिसातल्या गणपतीपुढे ठेवायची, कुंकवाचं बोट लावायचं. बोट पुठ्ठ्यावर लावायचं असतं. एकदा घाईत ते आतल्या पगारपत्रकावर लागलं आणि तसंच स्कॅन होऊन गेलं. तिकडून विचारणा आली, की या कागदावरच्या आकड्याला लाल खूण का केली आहे, आकडा वादग्रस्त आहे का?

आता कुंकू म्हणजे काय, हे साहेबाला लिहून कळवायचं काम माझ्याकडे. मी दोन पानी उत्तर लिहिलं. सौभाग्य, मांगल्य, गणपती, सगळं आलं त्यात. नितीनने ते बाजूला ठेवलं, आणि स्वच्छ कागद पुन्हा स्कॅन करून पाठवला. काम झालं.

शहाण्या बाईने यावरून काही धडा घेतला असता.

*

मी घेतला नाही. वैशालीच्या फाईलमध्ये तिने स्वतः लिहिलेलं एक पत्र होतं, मला हे काम का करायचं आहे वगैरे. इंग्रजी बेतास बात. पण द्राक्षाचं कळत होतं तिला, आणि ते पत्रात दिसत होतं. मी लाल पेन काढलं. तिने सुधारून आणलं, मी पुन्हा काढलं. असं सात वेळा झालं! दर खेपेला ती पिंपळगावहून एसटीने यायची. सातव्या खेपेला पत्र इतकं सुंदर झालं होतं, की त्यात वैशाली औषधालाही उरली नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. माझं एका परिच्छेदावर समाधान होत नव्हतं. दुपारी दारातून डोकावून म्हणाली, "बाई, झालं का हो?" मी मान वर न करता म्हणाले, "चांगल्या कामाला वेळ लागतो." ती परत जाऊन बसली. बाईंना घाई करायची नसते, हे आमच्याकडच्या मुलांना पहिलीपासून शिकवलेलं असतं. ते शिकवणाऱ्यांत मीही होते.

मी फाईल दिली तेव्हा तिकडची साईट गर्दीने बसली होती. नितीन धडपडत राहिला. पैसे भरायच्या पानापर्यंत जायची आणि गोल गोल फिरत राहायची. तारीख गेली.

मी म्हटलं, "पण पत्र तरी उत्तम झालं होतं."

नितीनने पहिल्यांदाच माझ्याकडे विद्यार्थ्यासारखं बघितलं नाही. "बाई, ते पत्र लागतच नव्हतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही."

बाकावर वैशाली तशीच बसली होती. तिला काय सांगायचं ते मला कुठल्याच भाषेत सुचेना. शेवटी तीच म्हणाली, "असू द्या बाई. पाणी पिता का?"

*

कंपनी दोन महिने थांबायला तयार झाली. आता नवी परीक्षा देण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि वैशाली शिकायला आली माझ्याचकडे. मी म्हटलं, दुसरी चांगली बाई शोध. म्हणाली, "आता नवीन कुठं शोधू?"

लेखी तिचं सुधारलं. तोंडी परीक्षेत मात्र गाडी अडायची. तिथे एक विषय देतात, एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. मी विचारलं, तुझा आवडता छंद? "बाई, मला छंदच नाही." अविस्मरणीय प्रवास? "एसटीचाच आहे सगळा." शेवटी मी वैतागले. "अगं, छंद नसेल तर बनव! खरं-खोटं कोण तपासतंय तिथे? ते इंग्रजी तपासतात. बिनधास्त ठोकून दे!" एकतीस वर्षं मुलांना 'खरे बोलावे' गिरवायला लावलेल्या बाईचं हे वाक्य आहे.

निकाल लागला तशी ती पेढे घेऊन आली. पास! आणि सगळ्यात जास्त मार्क तोंडीत.

"विषय काय आला होता गं?"

"तुम्हाला खूप मदत केलेली एक व्यक्ती."

"मग कोणाबद्दल बोललीस?"

"तुमच्याबद्दल. दोन मिनिटं पुरली नाहीत, बाई."

माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरला. म्हटलं, "वैशाली, एवढं सगळं होऊनसुद्धा?"

ती पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरून म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगितलं होतं ना, तिथं खरं-खोटं कोण तपासतंय!"