इम्पेअर्ड
जुन्या डिक्शनरीचा कोंदट वास आला की वसाहतीच्या सेक्टर सहामधलं आमचं क्वार्टर आठवतं. मी सातवीत होते. बाबा दवाखान्यातून कानाच्या तपासणीचा कागद घेऊन आले आणि सायकल लावून थेट अंगणातल्या खाटेवर माझ्यापाशी बसले. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "याचा मतलब काय हाये, माय?" शब्द होता 'इम्पेअर्ड'. मी डिक्शनरी उघडून वाचलं, "खराब झालेला." त्यांना ऐकू गेलं नाही. "जोरानं सांग ना." शाबासकी मिळेल म्हणून मी ओरडले, "खराब, बाबा! बिघडलेला!" शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले. त्या दिवसानंतर 'परत सांग' असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. ऐकू आलं नाही तरी नुसते हसून मान हलवायचे. आता बाबा नाहीत आणि मी मुलांना इंग्रजी शिकवते. "तुमाले थोडं कमी ऐकू येते, बाबा," इतकाच त्या शब्दाचा अर्थ होता, आणि तो मला तेव्हा सांगता आला नाही.