जंगलात शांत बसू नये

मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या पाठीवर. बाबा सायकलच्या हँडलला पत्रकांची पिशवी अडकवून गावोगाव फिरायचे. उरलेली घरी यायची. पुढच्या बाजूला 'जंगल कोणाचं?' असं ठळक विचारलेलं असायचं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझा वाकडातिकडा 'ग' असायचा. त्यामुळं लहानपणीच माझी पक्की समजूत झाली, की चांगला मथळा आणि भरपूर उद्गारचिन्हं असली की कुठलाही प्रश्न शरण येतो. ही समजूत अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून मोठी आईनं घराबाहेर पडणं सोडलं, तेव्हा मी काय करावं? मी पत्रक काढलं.

मोठी आई म्हणजे बाबांची वहिनी. अर्धंअधिक तिनंच मला वाढवलं. मोहर्लीच्या अलीकडं, वाघांच्या जंगलाला लागून आमचं गाव, आणि ती अंगणात हसली की तलावाच्या पाळीवरचा माणूस मान वळवून बघायचा. त्या हिवाळ्यात कापूस वेचताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिच्यासमोर वाघ येऊन उभा राहिला. त्यानं तिला पाहिलं, तिनं त्याला पाहिलं, आणि तो निघून गेला. साधा ओरखडाही नाही. गावानं 'वाचली बाई' म्हणून नारळ फोडला आणि विषय संपवला.

तिचा संपला नाही. दिवसाउजेडी ती दाराला कडी घालू लागली. रात्र रात्र जागी राहायची, घास हातातच राहायचा. हसू गेलं, मग बोलणंही गेलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज थोडं बाहेर पडा, माणसांत जा. गोळ्या ती घ्यायची. बाहेर मात्र ओसरीच्या पायरीपर्यंतच. पायरीखाली पाऊल उतरेना. आणि मोहाची फुलं गळायचे दिवस जवळ आले होते. जिनं उभ्या जन्मात मोहाचा एक हंगाम चुकवला नाही, ती यंदा घरात बसली तर पुन्हा कधीच उतरणार नाही, असं मला वाटू लागलं होतं.

तर पत्रक. 'मन सांभाळणं ही चैन नव्हे, हक्क आहे!!!' त्याखाली: ठरल्या वेळी झोपा. झोपताना मोबाईल दूर ठेवा. उन्हात चाला. मनातलं कोणाजवळ तरी बोला. झाडाखाली डोळे मिटून शांत बसा. भाताच्या शितांनी ते मी चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं.

मोठी आईनं जवळ येऊन पाहिलं. "हे काय लावलं वो?"

"तुझे हक्क!"

"माहे हक्क चुलीपाशी काऊन लावले? धुरानं काळे होतीन ना."

टोमणा! कित्येक आठवड्यांतला पहिला! मी स्वयंपाकघरातच नाचले, आणि पितळी घागर कलंडून निम्मं पाणी चुलीत गेलं.

मग तिनं पत्रक मनावर घेतलं, आणि सगळ्यात आधी माझ्यावरच चालवलं. रात्री मी आंदोलनाच्या बातम्या वाचत पडले की ती माझा मोबाईल उचलून तांदळाच्या पिंपात खुपसायची. "तुह्याच पाम्पलेटात हाये," म्हणायची. मी चिडायचे, आणि चिडता चिडता झोपायचे. तिलाही हळूहळू डोळा लागू लागला. सकाळच्या उन्हात ती माझं मनगट धरून एक दिवस पायरी उतरली. मग अंगण. मग हापशी. त्या हापशीपाशी मी घोषणा दिली, आणि पाणी भरणाऱ्या बायांनीही, कशाबद्दल ते न विचारता, 'जिंदाबाद' म्हटलं.

शेवटी मोह गळू लागला, आणि शेजारची काकू टोपली घेऊन दारात आली. "चालतं का वो बाई मोह्याले? आमी हाओ ना बोंबलाले."

आमच्याकडं मोह वेचायला बाया उजाडल्यावर घोळक्यानं जातात आणि पूर्ण वेळ मोठ्यानं बोलत राहतात. माणसं आली आहेत हे वाघाला कळावं आणि त्यानं दुसरी वाट धरावी, म्हणून. एखादी गप्प झाली की बाकीच्या तिला हाक मारतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मोठी आई खरंच निघाली, झाडांपर्यंत पोचली, टोपली खाली ठेवली, आणि मला विजय चढला.

"आता सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं!"

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. काकू म्हणाली, "पोरी, डोये मिटून? गप? वाघाले वाटन, ताटं वाढून ठेवले."

"थोडाच वेळ!"

"पाम्पलेटात हाये," मोठी आई म्हणाली, आणि सगळ्यांत जास्त भ्यालेली ती बाई सगळ्यांत आधी डोळे मिटून बसली. मग बाकीच्यांना बसावंच लागलं.

शांतता. टप्. मोहफूल पडलं. टप्. सुंदर! मग वाळल्या पानांवर पाय वाजला. जड पाय. आणखी एक. सगळ्यांत आधी डोळे कोणी उघडले असतील? पत्रकवालीनं.

"हट्ट्!" मोठी आई उभी राहून टोपली बडवत होती. "चाल हो! हट्ट्!"

झुडपातून काकूची म्हैस आली. तोंडभर मोहफुलं.

बाया हसून लोळल्या. मोठी आई मात्र थांबेना. म्हशीच्या डोक्यावरून ती थेट जंगलालाच झापू लागली. "काऊन आलता रे माह्या वावरात? मी काय केलं होतं तुहं? झोप नाई, भूक नाई, नुसती कडी लावून बसून राह्यली मी! घर माहं, वावर माहं, अन् मीच लपून राह्यली!"

हसणं थांबलं. काकूनं पदर खोचला. "सांग त्याले बाई, सांग! अन् माह्या नवऱ्याच्या घोरण्याचंबी सांग!"

मग काय विचारता! एकीनं सासूचं सांगितलं, एकीनं मच्छरांचं, एकीनं मतं मागून गेलेल्या आणि परत न आलेल्यांचं. माझ्या आयुष्यातली सर्वांत थोर जाहीर सभा, आणि व्यासपीठावर म्हैस! मधेच मोठी आईला आपलं आपल्यालाच हसू फुटलं. ते वाढत गेलं. ती झाडाला टेकली, पोट धरलं, टोपलीतली फुलं सांडली, आणि ती पुन्हा वेचताना आम्ही परत हसलो.

त्या संध्याकाळी मी पत्रकाची शेवटची ओळ कोळशानं दुरुस्त केली: 'घरी शांत बसा. जंगलात बोंबला!!!'

रात्री मोठी आई एकदा उठून कडी तपासून आली. ते मी ऐकलं. भीती अशी एका म्हशीनं जात नाही. पण सकाळी मलाच जाग आली नाही. जाग आली ती रस्त्यावरच्या आवाजानं.

"ओ पाम्पलेटवाली! चालतं का नाई? वाघ वाट पाहून राह्यला ना वो!"

मी खिडकीतून पाहिलं. मोठी आई पायरीच्या कितीतरी पुढं, रस्त्याच्या पलीकडं, डोक्यावर टोपली घेऊन एकटीच उभी होती, आणि काकूच्या दारावर दणादणा थापा मारत होती. मी चपला हातात घेऊनच पळाले.