पुठ्ठ्याचा दवाखाना

बुलढाण्याच्या बांधकाम कचेरीत सगळे ज्याला पुठ्ठेवाला म्हणत, त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. आम्ही दोघंही इमारतींचे नकाशे काढायचो. माझी रेघ केसासारखी बारीक येई, त्याच्या कागदावर हमखास शाईचा डाग पडे. तरी गर्दी त्याच्याच टेबलाशी. नकाशा झाला की तो कापडदुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, खळीनं चिकटवून ती इमारत उभी करायचा. मग टेबलावर गाल टेकवून, एक डोळा मिटून तिच्या दारातून आत बघायचा आणि येईल त्याला म्हणायचा, "या, आत या." साहेबसुद्धा वाकायचे.

युक्त्या तो लपवत नसे. "ब्लेड साबनावर घासून घ्या बाप्पा, पुठ्ठा फाटत नाही," असं मलाही सांगायचा. ते तर जास्तच झोंबायचं.

देऊळघाट माझं गाव. तिथल्या दवाखान्याचा नकाशा मी काढला. गावकरी बघायला आले आणि रेघांतलं काही न कळता नुसत्या माना डोलावत राहिले. तेवढ्यात त्यानं मला न विचारता बनवलेला पुठ्ठ्याचा दवाखाना पुढे ठेवला. गावची सुईण वाकली, तिनं एक डोळा मिटला.

"बाळंतिणीच्या खोलीचं दार रस्त्याकडे काऊन ठेवलं?"

तो हळूच मला म्हणाला, "तुमची रेघ लय सुंदर हाय. दार तेवढं फिरवून द्या."

मी फिरवलं. दवाखाना झाला. नकाशावर सही माझी आहे, पण माझी आईसुद्धा त्या इमारतीला पुठ्ठेवाल्याचा दवाखाना म्हणते.