गुठळ्यांचं पिठलं

बिभीषण सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी आली, तेव्हा वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी कमी आणि जाळच जास्त होता. नवरा गेल्याचं दुःख होतंच, नाही कसं म्हणावं. पण ओट्यावर, लिंबाखाली, जिथं बघावं तिथं गळ्यात निळा रुमाल बांधलेली माणसं बसली होती, आणि त्यातल्या एकेकाला सर बाईंपेक्षा जास्त माहीत होते.

निळा रुमाल म्हणजे बालवीर पथकाचा. सर सांगोल्याच्या शाळेत कवायतीचे मास्तर. नोकरीला लागले तसं त्यांनी हे पथक काढलं आणि रिटायर झाले तरी सोडलं नाही. एक रविवार आड पोरं घेऊन माळावर जायचं, माण नदीच्या कोरड्या वाळूत तंबू ठोकायचे, दोरीच्या गाठी मारायच्या, अंधार पडला की चांदण्या ओळखायच्या. दिवाळीच्या सुट्टीत मोठं शिबिर. सर धनगराच्या घरातले. लहानपण मेंढरांमागं उघड्यावर गेलेलं, त्यामुळं छपराखाली त्यांचा जीव रमायचाच नाही. बाई म्हणायच्या, ह्यांची मेंढरं सुटली तर पोरं मागं लागली, आपलं मागं राहणं काही चुकलं नाही.

घरात मात्र सर म्हणजे भिंतीतलंच माणूस. वाढू का, तर हूं. मीठ कमी झालंय का, तर हूं. लेकीचं, पूनमचं, लग्न नातेपुत्याला ठरलं, पाहुणे चहा पिऊन उठले, तेव्हाही हूं. त्या एका हूंवर बाईंनी सगळा संसार ओढला. आणि तो निळा रुमाल धुवायचा बाईंनी, इस्त्री करायची बाईंनी, शिट्टीची दोरी तुटली की नवी ओवायची बाईंनी. एकदा बाईंनी चिडून ती शिट्टी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. म्हटलं, बघू आता कसं जाताय. सरांनी घर धुंडाळलं, एक शब्द बोलले नाहीत, आणि तसेच गेले. संध्याकाळी गल्लीतली पोरं नाचत आली. सरांनी आज तोंडात दोन बोटं घालून धनगरी शीळ घातली, पार पलीकडच्या काठाला ऐकू गेली. शिट्टीपेक्षा शीळच भारी ठरली. बाईंनी दुसऱ्या दिवशी शिट्टी पुसून खुंटीला अडकवली.

मला बी न्या की एकदा, असं त्यांनी एक-दोनदा विचारून पाहिलं होतं. तिथं काय आहे बघण्यासारखं, असं म्हणून सर बूट घालायला लागायचे. पुढं पथकात मुलीही आल्या, तेव्हा बाई पूनमला म्हणाल्या, आता म्हाताऱ्या बायकांचं बी एक काढायला सांग तुज्या आप्पाला. पूनम हसली. बाई काही हसल्या नाहीत.

तर असं सगळं मनात धरून बाई तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि येणारा प्रत्येक रुमालवाला त्यावर मीठ टाकत होता. एकानं मोबाईल काढला. शिबिरात शेकोटीपाशी सर ओवी म्हणत होते, ते त्यानं कधीतरी भरून ठेवलेलं. गळा असा मोकळा की जणू समोर अख्खा माळ पसरलाय. बाईंनी नवऱ्याचं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते असं, परक्या माणसाच्या हातातल्या फोनवर. पूनम हुंदके देत होती. बाईंना मनातून वाटत होतं, तो फोन घ्यावा आणि आडात टाकावा.

मग मल्हार बोलायला लागला. हा पहिल्या पहिल्या पोरांतला, आता स्वतःच दोन मुलांचा बाप, महूदच्या रस्त्याला डाळिंबाची बाग. पुढं शिबिरात सरांच्या हाताखाली तोच असायचा. एका दिवाळीच्या शिबिरात त्याला विंचू चावला. सरांनी दवाखान्यात नेऊन आणलं, आणि रातभर पाय मांडीवर घेऊन बसले, डोळ्याला डोळा लावला नाही. सगळे मान हलवत होते. बाईंनीही हलवली. पण ती दिवाळी त्यांना पक्की आठवत होती. चिकुनगुन्यानं त्यांचे सांधे धरले होते, तांब्या उचलवत नव्हता, आणि सर उशाला गोळ्यांची पुडी ठेवून शिबिराला गेले होते. मांडी होती तर म्हणजे. रात्रभर पाय धरायची मांडी होती माणसाला, फक्त ती माळावर होती.

एवढंही बाईंनी गिळलं असतं. पण मल्हार पुढं म्हणाला, "आणि सरांच्या हातचं पिठलं. तसं पिठलं जगात न्हाई, काकू."

"कुणाच्या हातचं?" बाईंनी विचारलं.

"सरांच्या."

बाईंनी पूनमकडं पाहिलं. या माणसानं घरात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा.

घरात चूल पेटायची नव्हती. भावकीतून पिठलं-भाकरी यायची तशी येतच होती. मल्हारनं हात जोडले. म्हणाला, आजचा घास आमच्याकडून होऊ द्या, आम्ही अंगणात करतो, सरांच्या पद्धतीनं. भावकीतल्या बायका कुजबुजल्या. बाई म्हणाल्या, करू द्या. बगू तरी कसलं पिठलं ते. त्यांच्या आवाजात काय होतं ते पूनमला कळलं. ती आईशेजारी येऊन बसली.

इथं पिठल्याचं एक सांगायला हवं. वच्छलाबाईंचं पिठलं म्हणजे गल्लीत नाव घेण्यासारखं. पीठ आधी गार पाण्यात हातानं कालवून घ्यायचं, मग फोडणीत सोडायचं. एक गुठळी म्हणून दिसायची नाही. पण ते तसं व्हायला कारण घडलं होतं. नवी नवरी असताना सासूनं, फुलाबाईनं, पहिलंच पिठलं करायला लावलं. बाहेर पाहुणे खोळंबलेले, धुरानं डोळे भरलेले, बाईंनी घाबरून सगळं पीठ एकदमच उकळत्या पाण्यात ओतलं. झाल्या गुठळ्या, लिंबाएवढ्या. सासूनं एक चिमटीत धरून पाहुण्यांना दाखवली, म्हणाली, सूनबाईनी लेंड्या रांधल्यात बगा. धनगराचं घर ते, हसून हसून माणसं लोळली. सर खाली मान घालून जेवत होते. नंतर बाई परड्यात करपलेलं पातेलं घासत रडत होत्या, तेव्हा सर येऊन जरा उभे राहिले आणि काही न बोलता मागं फिरले. हासुद्धा हसायलाच आला असणार, असं बाईंनी तेव्हाच धरलं. त्या दिवसापासून त्यांच्या पिठल्यात गुठळी नाही. आणि सरांनी ते पिठलं कधी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. हूं.

अंगणात तीन दगड मांडले. फोडणीचा ठसका उठला, पाण्याला उकळी फुटली, आणि मल्हारनं बेसनाची पिशवी उचलून सगळीच्या सगळी पातेल्यात उपडी केली.

बाईंना राहवलं नाही. "आरं मल्हार, गुठळ्या हुतील की."

"व्हायलाच पायजेत, काकू. गुठळ्या न्हाई झाल्या तर सरांचं पिठलं कसलं?"

सगळे रुमालवाले हसले, पण ते हसणं निराळं होतं. मल्हार ढवळता ढवळता सांगायला लागला. पथकाचा नियमच होता. ज्याच्या ताटात सगळ्यात मोठी गुठळी, त्यानं पातेलं घासायचं. पोरं त्या गुठळीसाठी भांडायची. पातेलं घासायला मिळणं म्हणजे त्या दिवसाचा मान.

"ह्यो कसला नियम?" पूनम म्हणाली.

मल्हारनं उलथनं थांबवलं. "सर म्हणायचे, आमच्या घरात पयलं पिठलं आसं झालं हुतं. तसं पुन्हा कदी खायाला मिळालं न्हाई. म्हणायचे, ती एकटीच पातेलं घासत बसली हुती. मी हात लावायला गेल्तो, पण आई बगंल म्हणून भिऊन मागं फिरलो. तवापास्नं पातेल्याचा मान मोटा."

बाई म्हणाल्या, "तुमाला सांगितलं."

मल्हार पुन्हा ढवळायला लागला.

"सगळ्या गावाच्या पोरांस्नी सांगितलं," बाई पुन्हा म्हणाल्या. "जिला सांगायचं, तिला सोडून."

पूनमनं आईचा हात धरला. तो बाईंनी सोडवून घेतला. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना त्या पोरांचा आधी आला नव्हता एवढा राग आला. जन्मभर ही पोरं तिकडं माळावर त्यांची चूक चवीनं खात होती, आणि त्या इकडं एकट्या बसून गुठळ्या मोडत होत्या.

पंगत बसली. बाईंनी पहिला घास तोडला. मीठ जास्त झालं होतं, गुठळीत आत कोरडं पीठ होतं. वाईट होतं पिठलं, अगदी त्या दिवशीसारखंच. बाईंनी ताट पुसून खाल्लं आणि आणखी वाढायला सांगितलं. मल्हारनं पळी घातली, तर तिच्यातून घरंगळत लिंबाएवढी गुठळी बाईंच्या ताटात आली. मुद्दाम घातली की आपसूक आली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. सगळ्या पंगतीचे हात थांबले.

"काकू, तुमाला न्हाई ह्यो नियम," मल्हार घाईनं म्हणाला.

"का? मला का न्हाई? माजीच गुठळी, मलाच न्हाई?" बाईंनी ती खाल्ली, कोरड्या पिठासकट, आणि उठल्या. "आणा ते पातेलं."

भावकीतल्या बायका म्हणाल्या, अहो आज तुम्ही कशाला हात लावायचा नाही, लोक काय म्हणतील. बाई म्हणाल्या, लोकांनी सासूच्या वेळी म्हणायचं होतं. आणि पातेलं उचलून त्या परड्यात गेल्या. चुलीतलीच राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, पदर खोचला आणि बुडाला लागलेलं खरवडायला बसल्या.

थोड्या वेळानं मागं सावली पडली. मल्हार होता. गळ्यातल्या रुमालाचं टोक चिवडत उभा राहिला, मग त्याचा पाय मागं सरकला.

बाईंनी वर न बघता म्हटलं, "उबा काय राहिलास. मागं फिरू नगंस. पाणी वत."

त्यानं बादलीतून तांब्या भरला.

"पाणीच वत फकस्त," बाई म्हणाल्या. "पातेल्याला हात लावलास तर बग. मान माजा हाय."