डोंगरावरचा डायपोल आणि बापूकाकांचा आवाज

मंडळी, आत्ताच डोंगरावरून खासगी बाजार मोहल्ल्यातल्या घरी पोचलो.

ग्वाल्हेरच्या आमच्या हॅम रेडिओ क्लबचा रिपीटर त्या डोंगरावर आहे. तो दूरचं बोलणं झेलून पुढे पाठवतो. गेल्या वर्षी अँटेना निवडताना क्लबचे बापूकाका म्हणाले होते, "फायबरची नळी नको रे, वाऱ्यात तडकेल. ॲल्युमिनियमच्या उघड्या दांड्यांचा डायपोल लाव. भद्दा दिसतो, पण टिकेल." मी नळीच लावली. महिन्याभरात काका वारले.

आज तडकलेली नळी उतरवली, तर आतून पाणी निघालं. डायपोल चढवला आणि हँडसेट चालू केला. रिपीटर दर दहा मिनिटांनी क्लबचं नाव सांगतो. ते रेकॉर्डिंग काकांचं आहे. इतके महिने खरखरीत बुडालेला आवाज आज अगदी कानाशी आला. शेवटी त्यांचं नेहमीचं, "ऐकतोय, बोला."

मी बटण दाबून बोलून गेलो, "काका, तुमचाच लावला."

सोबतचे दोघे हसले नाहीत.

आता शहरातले दोन्ही क्लब एक झालेत, नाव बदललंय. रविवारी ते रेकॉर्डिंग मलाच पुसायचंय.

तुमच्याच्याने झालं असतं?