अकरा नंबरची शून्यं

आमच्या संशोधन केंद्रातले जुने मदतनीस, काका, पांढरी माशी मोजायचे. मिरचीची पानं आक्रसवणारा चुरडा-मुरडा रोग पसरवते ती हीच. ज्या वाणावर बसायला ती नाखूश, तो वाण रोगातून वाचण्याची शक्यता जास्त. म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात निरनिराळ्या वाणांची रोपं गोल मांडायची, मधोमध माश्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या सुस्त असताना, पान अलगद उलटून मोजायच्या. जरा धक्का लागला की सगळ्या भुर्र. काका श्वास रोखून मोजत. वीस वर्षांत त्यांचा आकडा कुणी तपासला नव्हता.

अकरा नंबरच्या वाणाला पानामागे पांढुरकी लव होती. त्या लवेत काकांना काहीच दिसेना. मोतीबिंदू वाढतोय हे त्यांना कळत होतं. पण सांगितलं तर पिंजऱ्यांचं काम जाईल, या धास्तीने ते गप्प राहिले. दिसलं नाही तिथे शून्य लिहिलं. बाकीच्या रोपांचे आकडे अंदाजाने ठोकून दिले.

ती शून्यं पाहून प्रयोग चालवणाऱ्या मॅडम हरखल्या. अकरा नंबर शेतातल्या चाचणीला गेला, आणि दीड महिन्यात ओळीच्या ओळी आक्रसल्या, पानं वाटीसारखी वळली.

बैठकीत मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "काय हो मॅडम, तुमच्या माश्यांचा उपास होता का?"

हशा पिकला. मॅडम लालबुंद झाल्या. "मोजणीत चूक नसणार, साहेब. काकांनी मोजलंय."

दारात रोपांचा ट्रे धरून उभ्या काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

घरी जेवणाचं ताट तसंच राहिलं. काकूंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मला दिसत नाही गं. वर्ष-दीड वर्ष झालं."

काकूंनी ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "दिसत नाही यात कसली लाज? दिसल्यासारखं लिहिलंत, त्याची वाटू द्या."

सकाळी काकांनी मॅडमना सांगितलं.

"कधीपासून, काका?" मॅडमनी वही उघडली.

तेही त्यांना नक्की सांगता येईना. म्हणून तीन हंगामांचे सगळे आकडे बाद करावे लागले. वहीच्या पानापानावर मॅडमनी रेघ ओढली. साहेबांना जाऊन एवढंच म्हणाल्या, "मोजणी चुकली. माझं लक्ष नव्हतं."

दाराबाहेरून ते ऐकून काका न विचारता आत शिरले. "त्यांचं काही नाही, साहेब. मी खोटं लिहिलं."

काकांना कुंड्या भरायच्या कामावर टाकलं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी मॅडमनी त्यांना पिंजऱ्यापाशी बोलावलं. काकांनी अकरा नंबरचं पान उलटलं. लवेत माश्या निवांत बसल्या होत्या.

"तेरा," ते म्हणाले. "पण तुम्हीही मोजा."

तेराच होत्या. आता प्रत्येक रोप दोघं जण मोजतात. तो नियम काकांनीच मागून घेतला. आकडे बहुतेक जुळतात. काका मात्र अजून मॅडमशी बोलताना खालीच बघतात.