मुंगीची माफी

माझी वहिनी शाळेत शिवण शिकवते आणि मुलांची भांडणं मिटवते. पहिल्या कामाचा तिला पगार मिळतो. दुसरं तिच्या गळ्यात पडलं, कारण मुख्याध्यापिकांच्या मते तिचा आवाज मऊ आहे. हा मऊ आवाज त्यांनी कधीतरी आमच्या घरी येऊन ऐकायला हवा होता.

पद्धत अशी. मारामारी झाली की छडी नाही, वर्गाबाहेर उभं करणं नाही, घरी पाठवणं नाही. शिवणाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या. ज्याने केलं तो बसणार, ज्याला सोसावं लागलं तो बसणार, आणि ज्यांनी नुसतं पाहिलं तेही बसणार. दोऱ्याचं रीळ ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काय झालं, कुणाला काय लागलं, आता ते भरून कसं काढायचं. मी आधी नाक मुरडलं होतं. पण एकमेकांचे दात पाडायला निघालेली पोरं त्या खोलीतून बरोबर बाहेर पडताना मी स्वतः पाहिली आहेत, तेव्हा खोटं कशाला बोलू?

मग मुंगीचं प्रकरण झालं. सातवीतली मुलगी, बारीक चणीची, खाली मान घालून चालणारी, म्हणून मुंगी. शिवणाच्या तासाला मागे बसलेल्या दोघींनी कापडाच्या कात्रीने तिची एक वेणी कापली. गंमत म्हणून.

त्यांना गोल बसवायच्या दिवशी नेमके दुसऱ्या शाळांतले पाहुणे ही पद्धत बघायला आले होते. त्या दोघी हुंदके देऊन रडल्या, त्यांनी माफी मागितली, आणि रीळ मुंगीकडे आलं. तिची दातखीळ बसली. रीळ धरून ती नुसती बसून राहिली. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले, मुख्याध्यापिका वहिनीकडे. वहिनी पुढे वाकली आणि त्या मऊ आवाजात म्हणाली, "बाळा, मोठं मन कर."

"केलं माफ," मुंगी म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्ष संपायच्या आत मुंगीने शाळा सोडली. आणि आमच्या घरात राहायला आली, असंच म्हणावं लागेल.

वहिनीला ते दोन शब्द ऐकू यायला लागले. मशीन चालवताना, नळ सोडलेला असताना, बसमध्ये. रस्त्यात आखूड केसांची कुठलीही मुलगी पुढे दिसली की ही झपाझपा पाय उचलायची, तिचं तोंड बघायची आणि परत यायची. दादाने एकदा दूध उतू घालवलं आणि सहज म्हणाला, माफ कर बाई. वहिनी हातातलं फडकं तिथेच टाकून आत निघून गेली. दादा बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शाळेत गोल मांडताना ती एक खुर्ची जास्त मांडते आणि तिच्यावर कुणाला बसू देत नाही, हे मला त्याच शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलीकडून कळलं. तेव्हा मात्र मला भीती वाटली. गेलेल्या माणसाची राखावी तशी ती एका जिवंत पोरीची जागा राखत होती.

मी पुष्कळ समजावलं. मुलं विसरतात, तू उगाच मनाला लावून घेतेस, वगैरे. शेवटी तिने मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं की मुंगीला भेटल्याशिवाय ती पुन्हा कुणालाही गोल बसवणार नाही. भेटून काय करणार, असं मी विचारलं.

"तिला सांगणार, ती माफी परत घे. ती तू दिली नव्हतीस, मी काढून घेतली होती."

"आणि तिची खपली निघाली म्हणजे?"

"खपली धरली असेल तर निघेल ना."

तिला एकटीला पाठवायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी सोबत गेले. मुंगीच्या आईने दार उघडलं, वहिनीला ओळखलं, आणि आत या असं काही म्हटलं नाही. तिने मुंगीला हाक मारली. मुलगी चांगली उंच झाली होती, केस कानाच्या वर कापलेले. वहिनीने उंबऱ्याबाहेर उभ्यानेच, मनात घोकून आणलेलं सगळं भराभर बोलून टाकलं. ती रडली नाही, याचं मला बरं वाटलं.

मुंगी चौकटीला टेकली.

"त्या दोघींना मी खरंच माफ केलंय," ती म्हणाली. "त्यातली एक अजून भेटते मला. त्या कापून पळून गेल्या. तुम्ही मला सगळ्यांसमोर बसवून ठेवलंत. मला ओरडायचं होतं, आणि तुम्ही म्हणालात मोठं मन कर. तुम्हाला नाही केलं माफ."

अगं, बाई एवढ्या लांबून आल्यात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वहिनीने माझा हात घट्ट दाबला.

"नको करूस," ती म्हणाली. "अजून काय?"

मुंगीने आईकडे पाहिलं, मग वहिनीकडे. ती दारातून बाजूला झाली, आम्हाला आत बसायला सांगितलं, आणि बोलायला लागली.